जमिनीपासून तीन इंच

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असे म्हणतात. 'सुधारणा' हा मराठी शब्द मात्र दोन्ही घरी पोटभर जेवत आला आहे. रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा होते, मुलाच्या अक्षरात होते. आणि जिच्यासाठी गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढले तीही सुधारणाच. इंग्रजीत ह्या दोहोंसाठी दोन निराळे शब्द वापरावे लागतात, एक घरातला आणि एक सभेतला. मराठीने दोघांना एकाच छपराखाली ठेवले हे भाषेचे दारिद्र्य की शहाणपण, असा प्रश्न आम्हांला अलीकडे वारंवार पडतो.

पडण्याचे कारण साधे आहे. हल्ली 'सुधारणा' म्हटले की तिचा घरगुती अर्थच पुढे येतो. मनगटावरचा पट्टा रात्रीची झोप मोजतो आणि दिवसाची पावले मोजतो. पहाटे टेकडीकडे निघालेल्या सायकलस्वाराच्या अंगात घाम शोषणारा सदरा, बुडाला गादी शिवलेली तोकडी विजार आणि डोक्यावर हेल्मेट असते. झोप थोडी बरी करावी, व्यायाम थोडा वाढवावा, सायकलीचा सरंजाम थोडा नीट करावा, एवढीच माफक इच्छा. ह्यात कोणाचे काही बिघडत नाही. आम्हीही त्यातले काही करून पाहिले आहे. (यश बेताचेच.) पण झोप, व्यायाम आणि सायकलीचा पोशाख ह्या तिन्ही गोष्टी ज्या काळी प्रथम एकत्र चर्चेत आल्या, तो काळ चाळून पाहिला तर त्यांतली एकही ज्याच्या त्याच्या मर्जीची नव्हती असे दिसते. तो काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाचा, स्थळ अमेरिका आणि इंग्लंड, आणि ज्यांच्याविषयी चर्चा चालली होती त्या बहुतेक स्त्रिया.

फ्रान्सेस विलर्ड हे नाव आज अमेरिकेतही फारसे कोणाच्या ओठांवर नाही. मराठी वाचकाला मात्र ते अगदीच परके असण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत हिंडल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अमेरिकन स्त्रियांच्या चळवळींचा जो वृत्तान्त येतो त्यात 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' ह्या दारूबंदीसाठी झटणाऱ्या संघटनेला आणि तिच्या अध्यक्षा विलर्डबाई ह्यांना मानाचे स्थान आहे. दोघींची ओळख होती आणि परस्परांविषयी आदर होता. विलर्डबाई १८७९ पासून अध्यक्ष होत्या; देशभर रेल्वेने फिरायचे, रोज भाषण, रोज पत्रांचा ढीग असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चाललेला. रमाबाईंनी पाहिली ती ही विलर्डबाई, कीर्तीच्या ऐन भरात असलेली.

आम्हांला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या विलर्डबाई त्यानंतरच्या. १८९२ साली त्यांची आई वारली. आई हीच त्यांची सखी आणि सल्लागार होती. शरीर थकलेले, मन खचलेले अशा अवस्थेत त्या इंग्लंडला आपली मैत्रीण लेडी हेन्री सॉमरसेट ह्यांच्याकडे राहायला गेल्या, आणि तेथे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी सायकल शिकायला घेतली. त्या शिक्षणाची हकीकत सांगणारे त्यांचे छोटेखानी पुस्तक, 'अ व्हील विदिन अ व्हील', १८९५ साली निघाले. मैत्रिणीने दिलेल्या सायकलीचे नाव त्यांनी 'ग्लॅडिस' ठेवले होते, कारण तिच्यामुळे चित्त प्रसन्न होई.

हे पुस्तक आम्ही प्रथम वाचले ते गंमत म्हणून, आणि गंमत त्यात भरपूर आहे. तीन धडधाकट इंग्रज तरुण सायकल घट्ट धरून उभे आहेत आणि जगभर गाजलेली ही वक्ती भीत भीत सीटवर चढते आहे, हे दृश्य त्यांनी स्वतःच रंगवले आहे. पण पुस्तकाचा मजकूर हळूहळू गंभीर होत जातो. बाई हिशेब मांडतात: रोज सरासरी पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने. त्यात प्रथम पायडल मारणे आले, मग वळणे, मग उतरणे, आणि सर्वांत शेवटी कोणाच्या आधाराशिवाय चढणे. उतरायला आधी शिकायचे आणि चढायला मागाहून, हा क्रम ज्याने मोठ्या वयात काही शिकून पाहिले असेल त्याला तत्काळ पटेल. त्या दिवसांत काय अंगात घालत होत्या तेही त्या नोंदवून ठेवतात: लोकरी कापडाचा स्कर्ट आणि ब्लाउज, कमरेला पट्टा, गवती टोपी, चालायचे बूट. स्कर्ट जमिनीपासून तीन इंच वर.

तीन इंच! आजचा वाचक हे वाक्य न अडखळता ओलांडून जातो. पण त्याच पुस्तकाच्या आरंभी बाईंनी आपल्या सोळाव्या वाढदिवसाविषयी लिहिले आहे, ते मनात ठेवून हे वाक्य वाचायला हवे. विस्कॉन्सिनमधल्या शेतावर त्या मुलग्यासारख्या वाढल्या. धावल्या, झाडावर चढल्या. सोळा वर्षे पुरी झाली त्या दिवशी लांब स्कर्ट आला, कंबर आवळणारे कॉर्सेट आले, केस वर बांधून त्यांत आकडे खोचले गेले, उंच टाचांचे बूट आले. आणि ज्या मुलीला चालण्याचा एवढा नाद, तिचे चालणेच सुटले. म्हणजे व्यायाम सुटण्याचे कारण आळस नव्हता. पायांत कापड येत होते. सदतीस वर्षांनंतर ते कापड तीन इंच वर गेले, ते सायकलीच्या निमित्ताने.

आता झोपेकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा भाग ठाऊक असतो, पण वेगळ्या कप्प्यात. ज्या फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्याच शहरात डॉ. सायलस वेअर मिचेल ह्यांचा दवाखाना होता. अमेरिकन माणसाच्या नसा आधुनिक जीवनाच्या धकाधकीने झिजत आहेत, असे त्या काळच्या वैद्यकाने ठरवून टाकले होते. जॉर्ज बिअर्ड ह्या डॉक्टरांनी १८६९ साली ह्या दुखण्याला 'न्यूरस्थेनिया' हे नाव रुळवले. मिचेल ह्यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे विश्रांती. सहा ते आठ आठवडे अंथरुणावर पडून राहायचे, दूध आणि पौष्टिक अन्न भरपूर घ्यायचे, वाचन नाही, लेखन नाही, भेटीगाठी नाहीत. अंग हलवण्याची गरज मालिशाने आणि विजेच्या झटक्यांनी भागवायची, रोग्याने स्वतः हलायचे नाही. हा उपचार मुख्यतः स्त्रियांवर होई. पुरुष रोग्यांना हेच डॉक्टर निराळा सल्ला देत. १८८५ साली ओवेन विस्टर ह्या तरुणाला त्यांनी पश्चिमेला वायोमिंगमध्ये धाडले: घोड्यावर बस, उघड्यावर राहा, शिकार कर. त्या सल्ल्यातून पुढे अमेरिकेला 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी (१९०२) आणि काऊबॉयची सबंध एक दंतकथा मिळाली.

१८८७ साली मिचेल ह्यांच्याकडे गेलेल्या एका रोगिणीला मिळालेला सल्ला असा होता: होईल तितके घरगुती आयुष्य जगावे, मूल सतत जवळ असावे, प्रत्येक जेवणानंतर तासभर आडवे व्हावे, बौद्धिक काम दिवसाला फार तर दोन तास, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल ह्यांना जन्मात हात लावू नये. ही रोगीण म्हणजे शार्लट पर्किन्स गिलमन. प्रॉव्हिडन्समध्ये स्त्रियांसाठी व्यायामशाळा निघावी म्हणून जिने तरुणपणी खटपट केली, तिला हे औषध! तीन महिने तो सल्ला पाळून आपण वेडाच्या काठावर पोहोचलो असे गिलमन ह्यांनी १९१३ साली लिहून ठेवले आहे. त्या अनुभवातून १८९२ साली 'द यलो वॉलपेपर' ही कथा आली.

ही कथा वर्गात शिकवताना भिंतीवरच्या कागदाविषयी, त्यातल्या कोंडलेल्या बाईविषयी, निवेदिकेच्या भरवशाविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्हीही बोललो आहोत. पण ह्या निमित्ताने ती पुन्हा वाचताना आम्हांला जाणवले की ही कथा झोपेचीही आहे. डॉक्टर नवरा बायकोला जेवणानंतर झोपायला लावतो. तिला झोप येत नाही. ती झोपल्याचे सोंग करते, आणि सोंग करता करता खोटे बोलण्याची सवय लागते. रात्री कागदावरचे आकार हलतात म्हणून ती जागी राहते आणि दिवसाच्या सक्तीच्या झोपेत थोडी डुलकी काढते. पलंग जमिनीला खिळवलेला आहे. विश्रांती जेव्हा हुकुमाने दिली जाते तेव्हा ती झोपेलाच कशी गिळते, ह्याचे इतके बारीक वर्णन दुसरीकडे आमच्या वाचनात आलेले नाही. एकीकडे हा खिळवलेला पलंग आणि तीनच वर्षांनी दुसरीकडे ग्लॅडिस! दोन्हीकडे दुखणे एकच, थकलेल्या नसांचे. विलर्डबाईंनी उपचार उलटा घेतला, आणि महत्त्वाचे म्हणजे तो स्वतः निवडला.

वैद्यकाने सायकलीला सुखासुखी वाट दिली असे मात्र नाही. निद्रानाशावर आणि उदासीनतेवर सायकल चांगली असे म्हणणारे डॉक्टर होते, तसेच तिने स्त्रियांच्या प्रकृतीची आणि नीतीचीही हानी होते असे बजावणारेही होते. तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, अशी 'बायसिकल फेस' नावाची व्याधीही नियतकालिकांतून गाजली. ती मुख्यतः बायकांना होई, हे सांगायला नकोच.

सायकल स्वतः तोवर कशी बदलली होती तेही पाहण्यासारखे आहे. पुढे भलेमोठे चाक आणि मागे चिमुकले, अशा उंच सायकलीवर लांब झग्याने बसणे जवळजवळ अशक्यच. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली ह्यांनी 'रोव्हर' बाजारात आणली: दोन्ही चाके साधारण सारखी आणि मागचे चाक साखळीने फिरणारे. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप ह्यांचा हवेचा टायर आला आणि हाडे खिळखिळी होणे थांबले. ह्यानंतरचा बदल आमच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. सीटपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी दांडी खाली वाकवली गेली, साखळीवर झाकण आले, मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आली. आपण जिला आजही 'लेडीज सायकल' म्हणतो ती ही. त्या वाकलेल्या दांडीने सायकलीची ताकद घटे आणि ती भरण्यासाठी वजन वाढे. बाईचा झगा बदलायचा की लोखंड वाकवायचे, असा पेच कारखानदारांसमोर होता, आणि त्यांनी लोखंड वाकवले. आपल्या मोटारसायकलींना मागे जो साडीगार्ड बसवतात तो ह्याच विचाराचा वंशज मानायला हरकत नसावी. पोशाखाला हात लावण्यापेक्षा यंत्र बदलणे सोपे असते.

पोशाखाला हात लावणारेही निघाले. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'ची मागणी अशी होती की स्त्रीच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांहून अधिक असू नये. ही कमाल मर्यादा होती, तेव्हा प्रत्यक्षात काय असेल ते वाचकांनीच ताडावे. ह्या संस्थेच्या अध्वर्यू लेडी हार्बर्टन १८९८ साली सरे परगण्यातल्या एका हॉटेलात सायकलवरून गेल्या. अंगात स्कर्टऐवजी घोळदार विजार होती. मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू देण्याचे नाकारले. बसायचे तर दारूच्या बारजवळच्या खोलीत बसा म्हणाली. सायकलस्वारांच्या 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब'ने खटला लढवला आणि १८९९ साली तो हरला. उमरावाची पत्नी असूनही हरली, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ह्याच सुमारास पुण्यात आगरकर 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत' अशा मथळ्याचा निबंध लिहीत होते. आम्ही विद्यार्थी असताना ह्या मथळ्याला वर्गात हशा पिकत असे. विधवाविवाह, संमतिवय अशा प्रश्नांशेजारी जाकीट अगदीच किरकोळ वाटे. आता तसे वाटत नाही. आनंदीबाईंनी अमेरिकेच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली, आणि तो निर्णय त्यांना किती विचार करून, किती लोकांना समजावून घ्यावा लागला, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. थंडीपासून पाय झाकणे हीसुद्धा एक भूमिका ठरत होती.

इथवर हकीकत सरळ आहे आणि आम्ही येथेच थांबलो असतो तर ती उत्साहवर्धकही झाली असती. विलर्डबाईंच्या पुस्तकावर लिहिणारे बहुतेक जण येथेच थांबतात. पण १८९५ साली आणखी एक लहान पुस्तक निघाले, त्याचे नाव 'अ रेड रेकॉर्ड'. लेखिका आयडा बी. वेल्स. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या ज्या घटना घडत होत्या त्यांची ती नावनिशीवार नोंद आहे. आणि तिच्यात एक सबंध प्रकरण विलर्डबाईंवर आहे. १८९० साली एका मुलाखतीत विलर्डबाईंनी दक्षिणेतल्या गोऱ्यांची बाजू घेतली होती. कृष्णवर्णीयांच्या दारूपायी गोऱ्या स्त्रिया आणि मुले धोक्यात आहेत, असा त्या बोलण्याचा रोख होता, आणि हाच युक्तिवाद खून करणारे जमाव पुढे करीत. १८९४ साली वेल्स इंग्लंडात व्याख्यानांसाठी आल्या तेव्हा त्यांनी ती मुलाखत पुन्हा छापून आणली. उत्तरादाखल लेडी सॉमरसेट ह्यांनी विलर्डबाईंची नवी मुलाखत घेऊन ती लंडनच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. ज्या मैत्रिणीने ग्लॅडिस दिली, तीच ही. ज्या मुक्कामात स्कर्ट तीन इंच वर गेला, त्याच मुक्कामात हा वादही चालला होता. सायकलीच्या पुस्तकात त्याचा मागमूस नाही.

आणि सायकलीच्या जगातही ती रेषा होती. अमेरिकेतल्या सायकलस्वारांची मोठी संघटना म्हणजे 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'. फेब्रुवारी १८९४ मध्ये लुईव्हिल येथे भरलेल्या सभेत तिने सभासदत्वाच्या अटींत 'गोरा' हा एक शब्द घातला. बॉस्टनच्या किटी नॉक्स त्याआधीच, १८९३ साली, सभासद झाल्या होत्या. त्यांचे वडील कृष्णवर्णीय आणि आई गोरी. त्या स्वतः शिवणकाम करून पोट भरत. आपला सायकलीचा पोशाख त्यांनी आपल्या हातांनी बेतला आणि शिवला: ढगळ विजार आणि वर जाकीट. वाकलेल्या दांडीची लेडीज सायकल न घेता त्या सरळ दांडीच्या पुरुषी सायकलीवर बसत. १८९५ च्या जुलैत मॅसॅच्युसेट्समध्ये पोशाखाच्या स्पर्धेत त्यांनी बक्षीस मिळवले, आणि काही दिवसांतच न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्क येथे लीगच्या वार्षिक मेळाव्याला गेल्या. तेथे सभासदत्वाचे कार्ड दाखवूनही त्यांना हरकत घेतली गेली. वर्तमानपत्रांनी परस्परविरोधी बातम्या दिल्या, बरीच वादावादी झाली. शेवटी त्या नियमाआधीच्या सभासद असल्याने त्यांचे सभासदत्व वैध ठरले. नियम मात्र राहिला. तो संघटनेने औपचारिकपणे मागे घेतला १९९९ साली.

त्या काळी चांगल्या नव्या सायकलीला सुमारे शंभर डॉलर पडत. विलर्डबाईंना ती भेट मिळाली. नॉक्सबाईंना ती टाक्या घालून मिळवावी लागली असणार. पंधरा मिनिटांचा रोजचा सराव, मोकळी बाग, धरायला तीन तरुण आणि शिकवायला मैत्रिणी, ही सगळी सामग्री विलर्डबाईंच्या 'रोज थोडे थोडे' ह्या पद्धतीत गृहीत आहे. त्यांच्या धैर्याला ह्याने उणेपणा येतो असे आम्ही म्हणत नाही; त्रेपन्नाव्या वर्षी पडायची तयारी ठेवणे सोपे नाही. पण त्या पुस्तकाच्या शेवटी त्या वाचकाला तुम्हीही असेच करा असे सुचवतात, तेथे हा 'तुम्ही' कोण, हे विचारावेसे वाटते.

विलर्डबाई फेब्रुवारी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे वारल्या, वय अठ्ठावन्न. किटी नॉक्स १९०० साली गेल्या, जेमतेम सव्विसाव्या वर्षी. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांच्या कबरीवर नावाची शिळा नव्हती. ती २०१३ साली बसवण्यात आली. ग्लॅडिस आजही इलिनॉयमधल्या एव्हन्स्टन येथे, विलर्डबाईंच्या घरात केलेल्या संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयाने २०१९ साली वेल्स आणि विलर्ड ह्यांच्या वादाची कागदपत्रे गोळा करून, दोन्ही बाजूंची पत्रे आणि मुलाखती मुळाबरहुकूम लावून, एक प्रदर्शन इंटरनेटवर मांडले. 'अ व्हील विदिन अ व्हील' वर्गात लावायचे असेल त्यांनी ते शेजारी उघडून ठेवावे.